एकच भाग पहिला, दुसरा आणि शेवटचाही! ‘सीआयडी’च्या नव्या सीझनची क्रमवारी नेमकी कशी लागते?

एसीपी प्रद्युम्न यांच्या मृत्यूचा भाग काहींना सीझनमधला सर्वोत्तम वाटतो, तर काहींना सगळ्यात वाईट. मग यादीत तो कुठे ठेवायचा? गुण, मतं आणि सरासरी यांचं गणित सोप्या भाषेत

कळसाडी (जि. नंदुरबार) : ‘सीआयडी’च्या नव्या सीझनमधला सगळ्यात भारी भाग कोणता? हा प्रश्न मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून बघा. एक जण म्हणेल, एसीपी प्रद्युम्न यांच्या मृत्यूचा. दुसरा म्हणेल, त्याच भागानं सीझनची वाट लावली. तिसरा दोघांनाही जुने भाग बघायला सांगेल.

पहिले दोघे एकाच भागाबद्दल बोलत असतात. मग हा भाग यादीत वर जाणार की खाली? हे जितकं त्या भागावर अवलंबून आहे, तितकंच मतं मोजण्याच्या पद्धतीवरही आहे. तेच समजून घेऊया.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी

‘सीआयडी’ सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. म्हणजे आपला जिल्हा आणि ही मालिका एकाच वयाचे.

मालिका हिंदी असली तरी तिचं मूळ मराठीशी जोडलेलं आहे. निर्माते बी. पी. सिंग आणि अभिनेते शिवाजी साटम यांनी त्याआधी दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी गुन्हे मालिकेत एकत्र काम केलं होतं. पुढे साटम यांनी साकारलेले एसीपी प्रद्युम्न घराघरात पोहोचले.

दीड हजारांहून जास्त भागांनंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये मालिका थांबली. २१ डिसेंबर २०२४ रोजी ती नव्या सीझनसह परतली. शनिवार-रविवारी रात्री टीव्हीवर आणि फेब्रुवारी २०२५ पासून नेटफ्लिक्सवरही ती दिसू लागली. एरवी जिवाभावाचे मित्र असलेले दया आणि अभिजित यांना एकमेकांसमोर उभं करूनच या सीझनची सुरुवात झाली.

वाद कुठे पेटला?

एप्रिल २०२५ मध्ये. तिग्मांशू धुलिया यांनी साकारलेल्या बारबोसा या खलनायकानं घडवलेल्या स्फोटात एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू झाल्याचं दाखवलं गेलं. वाहिनीनं सोशल मीडियावर श्रद्धांजलीची पोस्टही टाकली. पार्थ समथान एसीपी आयुष्मान म्हणून आले.

चाहते भडकले. ‘एसीपीशिवाय सीआयडी कसली?’ असा एकूण सूर होता. पुढे कथेत वळण आलं आणि एसीपी प्रद्युम्न परतले.

म्हणून या सीझनची क्रमवारी हा नुसता टाइमपास राहत नाही. कुणाची नाराजी मोजली जाते, कुणाची मोजलीच जात नाही, यावर पुढे पडद्यावर काय दिसणार हे काही प्रमाणात ठरू शकतं.

समजा, कळसाडीतले पाच मित्र

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कळसाडीतल्या पाच मित्रांनी तीन भागांना दहापैकी गुण दिले.

• सुरुवातीचा दया-अभिजित भाग : पाचही जणांचे ८
• एसीपींच्या मृत्यूचा भाग : तिघांचे १०, दोघांचा रागानं १
• एका दमात संपणारी साधी केस : पाचही जणांचे ७

आता हेच गुण तीन पद्धतींनी मोजू.

पद्धत १ : सरासरी. दया-अभिजित भागाला ८, साध्या केसला ७. एसीपींच्या भागाला तीसमध्ये दोन मिळवून बत्तीस, भागिले पाच, म्हणजे ६.४. एसीपींचा भाग शेवटचा.

पद्धत २ : ‘तुमचा नंबर एक कोणता?’ तीन मतं एसीपींच्या भागाला, दोन दया-अभिजित भागाला. एसीपींचा भाग पहिला.

पद्धत ३ : क्रमाचे गुण. पहिल्या पसंतीला ३, दुसरीला २, तिसरीला १. दया-अभिजित भागाला १२, एसीपींच्या भागाला ११, साध्या केसला ७. एसीपींचा भाग दुसरा.

माणसं तीच, भाग तेच, मतंही तीच. तरी एकच भाग पहिला, दुसरा आणि शेवटचा! यात कुणी लबाडी केलेली नाही. प्रत्येक पद्धत वेगळा प्रश्न विचारते. सरासरी विचारते, ‘सगळ्यांना मिळून किती आवडला?’ दुसरी पद्धत विचारते, ‘सर्वात जास्त जणांचा लाडका कोणता?’ तिसरी विचारते, ‘बहुतेकांच्या यादीत वरच्या बाजूला कोणता?’

तिसऱ्या पद्धतीला ‘बोर्डा पद्धत’ म्हणतात. अठराव्या शतकातले फ्रेंच गणितज्ञ बोर्डा यांच्यावरून हे नाव पडलं. निवडणुकीच्या अभ्यासात ती आजही शिकवतात.

४ मतांचं ९.५ मोठं की ४०० मतांचं ८.२?

आयएमडीबीसारख्या साइटवर प्रेक्षक प्रत्येक भागाला १ ते १० गुण देऊ शकतात. पण गाजलेल्या भागाला शेकडो मतं आणि मधल्याच एखाद्या भागाला जेमतेम चार, असं होऊ शकतं. त्या चार जणांनी भरभरून गुण दिले की भाग थेट यादीच्या डोक्यावर बसतो.

यावर उपाय आहे. प्रत्येक भागाला सुरुवातीलाच काही ‘सर्वसाधारण’ मतं द्यायची. आपल्या उदाहरणात १०० मतं, प्रत्येकी ७ गुणांची, अशी धरू.

• ४ मतं, सरासरी ९.५ : नवा हिशेब साधारण ७.१
• ४०० मतं, सरासरी ८.२ : नवा हिशेब साधारण ८

कमी मतांचा भाग आपोआप मधल्या पातळीवर येतो. जास्त मतांच्या भागाला फारसा धक्का बसत नाही. आयएमडीबीनं आपल्या ‘टॉप २५०’ चित्रपटांच्या यादीसाठी याच धर्तीचं सूत्र पूर्वी जाहीर केलं होतं. तिथलं रेटिंग साधी सरासरी नसतं, ते भारित असतं. म्हणजे प्रत्येक मताचं वजन सारखं असेलच असं नाही.

१ गुण म्हणजे ‘वाईट’ की ‘राग’?

दहापैकी एक देणारा प्रेक्षक भाग टुकार होता असंच सांगत असतो, असं नाही. अभिनय आवडला, शेवटही अंगावर आला, पण ‘आमच्या साहेबांना मारलंच का?’ म्हणून तो एकावर बोट ठेवतो. हा निषेध असतो. उलट दिशेनंही तेच घडतं. ‘आमची मालिका सगळ्यात वर पाहिजे’ म्हणून डोळे झाकून दहा दिले जातात.

जगभरात हीच तऱ्हा आहे. ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी गुन्हे मालिकेचा २०१३ मधला ‘ओझिमँडियस’ हा भाग आयएमडीबीवर अनेक वर्षं दहापैकी दहावर होता. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटच्या सीझनवर चाहते इतके चिडले, की तो पुन्हा लिहावा यासाठी दहा लाखांहून जास्त ऑनलाइन सह्या झाल्या. अखेरच्या भागाचं रेटिंगही धडाधड कोसळलं.

आठवणीचाही यात वाटा असतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की एखादा अनुभव आठवताना आपण त्यातला सर्वात तीव्र क्षण आणि शेवट यांनाच जास्त महत्त्व देतो. त्यामुळे स्फोटावर संपणारा भाग मनात राहतो. डॉ. साळुंखेंच्या लॅबमध्ये शांतपणे उलगडलेली केस, कितीही नेटकी असली तरी, विसरली जाते.

मग टीआरपी आणि व्ह्यूज काय सांगतात?

भाग किती बघितला गेला, एवढंच. किती आवडला, हे नाही.

• टीआरपी : ‘बार्क’ ही संस्था देशभरात पन्नास हजारांहून जास्त निवडक घरांत मीटर बसवून अंदाज काढते. तुमच्या घरी मीटर नसेल, तर तुमची आवड थेट मोजली जात नाही.
• नेटफ्लिक्स : पाहिलेले एकूण तास भागिले एकूण लांबी, असा ‘व्ह्यूज’चा हिशेब. साप्ताहिक यादी सीझनची असते, एकेका भागाची नाही. आपण दिलेला अंगठाही मुख्यतः आपल्याला पुढे काय सुचवायचं यासाठी वापरला जातो.
• यूट्यूब : नोव्हेंबर २०२१ पासून डिसलाइकचा आकडा प्रेक्षकांना दिसत नाही. लाइक दिसतात, नापसंती झाकलेली राहते.

खरा प्रश्न इथेच येतो. आयएमडीबीवर मत द्यायला खातं लागतं आणि शोधाशोध करावी लागते. रात्री जेवण आटोपून टीव्हीपुढे बसलेल्या आजीचं मत तिथे पोहोचत नाही. गावात अहिराणीत किंवा भिलीत ‘हा भाग फसला’ म्हणून रंगलेली चर्चा कुठल्याच आकड्यात येत नाही. ‘चाहत्यांनी निवडलेले टॉप १० भाग’ असं वाचाल, तेव्हा त्याचा अर्थ ‘मत नोंदवणाऱ्या चाहत्यांनी निवडलेले’ एवढाच घ्या.

‘देवमाणूस’ची अशी यादी का होत नाही?

झी मराठीवर २०२० मध्ये सुरू झालेली आणि पुढे नव्या पर्वांत परतलेली ‘देवमाणूस’ही गुन्ह्याचीच गोष्ट. पण ती रोजच्या मालिकेच्या घाटात येते. एक धागा आठवडेच्या आठवडे चालतो, त्यामुळे प्रेक्षकाला भागाचा क्रमांक आठवत नाही, प्रसंग आठवतो. ‘सीआयडी’त बहुतेक केस एक-दोन भागांत मिटते, म्हणून तुलना सोपी जाते. तरी नव्या सीझनमध्ये बारबोसासारखी लांबलेली कथा आली की पंचाईत होते. मधल्या भागाला स्वतंत्र गुण द्यायचे, की पूर्ण कथेला? यादी करण्याआधी हे ठरवलेलं बरं.

तुमच्या ग्रुपची यादी करायची आहे? हे ५ नियम पाळा

१. आधी प्रश्न ठरवा. ‘सर्वोत्तम केस’, ‘सर्वात धक्कादायक’ आणि ‘सर्वात लाडका’ या तीन वेगळ्या याद्या आहेत.

२. ज्यानं भाग पाहिला, त्यानंच मत द्यावं. रील किंवा प्रोमो पाहून दिलेलं मत धरू नका.

३. गुणांऐवजी क्रम मागा. एक आणि दहाच्या टोकांचा परिणाम कमी होतो.

४. भाग लागल्यावर आठवडाभर थांबा. राग आणि उत्साह दोन्ही थोडे निवतात.

५. निकालासोबत मतांची संख्या आणि फूट सांगा. ‘६.४’ यापेक्षा ‘तिघांचे १०, दोघांचा १’ हे जास्त खरं आहे.

आणि घरात मोबाइल न वापरणारं कुणी ‘सीआयडी’ बघत असेल, तर त्यांचं मत विचारून तुम्हीच ग्रुपवर टाका. १९९८ पासून मालिका बघणाऱ्यांची यादी आपल्यापेक्षा वेगळी निघण्याची शक्यता जास्त आहे.