पाण्याचे तापमान

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते. तरीही उन्हाळ्यात तेथे पाणी जपून वापरावे लागते. साठवलेले पाणी केवळ वापरल्यामुळेच कमी होत नाही. वाफ होऊनही ते उडून जाते. पाणी जितके गरम, तितकी वाफ जास्त. कोरड्या हवेने आणि वाऱ्यानेही ती वाढते.

कृषी वेधशाळेत हे बाष्पीभवन मोजण्यासाठी १२२ सेंटिमीटर व्यासाचे गोल, उथळ पात्र असते. पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून त्यावर जाळी बसवतात. त्यातील पाण्याचे तापमानही नोंदवतात.

घरच्या हवामान केंद्रालाही पाण्याचा सेन्सर जोडता येतो. त्याचे टोक धातूच्या नळीत बंद असते. त्यामुळे आत पाणी शिरत नाही. प्रथम ते बर्फ घातलेल्या पाण्यात ढवळून पाहावे. आकडा शून्य अंशाच्या जवळ आला पाहिजे. नंतर ते हौदात पूर्ण बुडवावे. तळाला टेकू देऊ नये.

आता दोन सारख्या घमेल्यांत सारखेच पाणी घ्या. एक उन्हात व दुसरे सावलीत ठेवा. रोज दुपारी दोन्हींचे तापमान व पाण्याची उंची वहीत लिहा. हौदावर सावली का हवी, हे ते आकडेच सांगतील.