सेले नदीकाठचे फिझाक



फ्रान्स म्हटले की पॅरिस आणि आयफेल टॉवर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. या अंकात मात्र आम्ही तुम्हाला फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील एका लहान गावी नेणार आहोत. गावाचे नाव फिझाक. वस्ती दहा हजारांच्या आसपास आणि शेजारून वाहणारी सेले नदी. ही नदी पुढे लो नदीला मिळते.

नवव्या शतकात येथे ख्रिस्ती साधूंचा मठ स्थापन झाला आणि त्याच्याभोवती गाव वसत गेले. आपल्याकडे जशी पंढरीची वारी, तशी युरोपात स्पेनमधील सांतियागो येथे पायी जाण्याची जुनी प्रथा आहे. त्या यात्रेच्या वाटेवर फिझाक लागते. यात्रेकरू आले, त्यांच्यामागून व्यापारी आले आणि गाव भरभराटीला आले. १३०२ साली फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने मठाधिपतीकडून गावाचा ताबा स्वतःकडे घेतला.

त्या काळच्या व्यापाऱ्यांचे दगडी वाडे आजही अरुंद बोळांतून पाहावयास मिळतात. तळमजल्यावर कमानींची दुकाने, वर राहण्याच्या खोल्या आणि सर्वांत वर खांबांवर पेललेल्या छपराखालचा मोकळा मजला. आपण गच्चीवर वाळवण घालतो, तसे तेथे कापड, कातडी व फळे वाळवीत. या मजल्याला ‘सोलेयो’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच नाही. तो ऑक्सिटन या तेथील जुन्या भाषेतला आहे.

गावाची खरी ओळख मात्र एका मुलामुळे आहे. १७९० साली येथील एका पुस्तक विक्रेत्याच्या घरी झाँ-फ्रान्स्वा शाँपोलियोंचा जन्म झाला. बारा वर्षांनी मोठ्या भावाने त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी अशा अनेक भाषा तो शिकला. इजिप्तमध्ये १७९९ साली रोझेटा शिला सापडली होती. तिच्यावर एकच राजाज्ञा चित्रलिपी, डेमोटिक आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत कोरलेली आहे. ग्रीक वाचता येत होते, पण चित्रलिपी वाचणारा जगात कोणीच उरला नव्हता.

इंग्लंडच्या थॉमस यंग यांनी काही चिन्हे ओळखली होती. पुढचा मार्ग शाँपोलियोंना कॉप्टिक भाषेने दाखवला. कॉप्टिक म्हणजे प्राचीन इजिप्ती भाषेचेच शेवटचे रूप. बोलण्यातून ती गेली होती, पण इजिप्तमधील ख्रिस्ती लोकांनी प्रार्थनेत जपली होती. एका राजाच्या नावात शाँपोलियोंना आरंभी सूर्याचे चिन्ह आणि शेवटी दोनदा ‘स’ दिसला. कॉप्टिकमध्ये सूर्याला ‘रे’ म्हणतात हे त्यांना ठाऊक होते. त्यावरून ते नाव रामसेस असल्याचे त्यांनी ओळखले. सप्टेंबर १८२२ मध्ये त्यांनी आपला शोध विद्वानांपुढे ठेवला. १८३२ साली, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जन्मघरात आता जगातील लिप्यांचे संग्रहालय आहे. जवळच्या चौकात जमिनीवर रोझेटा शिलेची प्रचंड प्रतिकृती बसवली आहे. अमेरिकन कलावंत जोसेफ कोसुथ यांनी काळ्या ग्रॅनाइटमध्ये ती १९९१ साली घडवली. मूळ शिला जेमतेम १.१ मीटर उंचीची, तर प्रतिकृती सुमारे १४ मीटर लांब आहे. मुले त्या अक्षरांवरून चालत जातात!

या गावाची एक गोष्ट मात्र आम्हाला बेचैन करते. जेथील पुत्राने मुकी झालेली लिपी बोलती केली, तेथील ऑक्सिटन भाषा आज फार थोड्यांच्या तोंडी उरली आहे. एके काळी फ्रान्समधील शाळांत स्थानिक भाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. पुढे आईवडिलांनीच मुलांशी ती बोलणे सोडले. भाषा अशीच जाते, एकेका घरातून.

पालकहो, हे आपल्यालाही लागू आहे. गायकवाडी काळातील आपल्या बडोद्याच्या कारभाराचे कितीतरी कागद मोडी लिपीत आहेत. अनेकांच्या माळ्यावरील ट्रंकेतही पणजोबांच्या हातचे मोडी कागद असतील. वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत घालू नका. विश्वस्त मंडळाने शाळेत मोडी वाचनाचा वर्ग सुरू करण्याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. आणि मित्रहो, घरी मराठीत बोला, आजीला मराठीत पत्र लिहा. कॉप्टिक जपणाऱ्यांनाही पुढे तिचा काय उपयोग होईल हे कुठे माहीत होते?