तबकडी आपली, पण नक्कल?

लोणच्याची बरणी विकत आणली, की त्यातले निम्मे लोणचे आपण दुसऱ्या बरणीत काढून लेकीकडे पाठवतो. दुकानदाराला विचारायला जात नाही. मग विकत घेतलेल्या चित्रपटाच्या तबकडीची नक्कल करून आईच्या घरी नेली, तर बिघडले कुठे?

फ्रान्समधल्या एका गृहस्थाला हाच प्रश्न पडला. 'मलहॉलंड ड्राइव्ह' या चित्रपटाची डीव्हीडी त्याने रीतसर विकत घेतली. आईच्या घरी पाहता यावी म्हणून टेपवर उतरवू गेला, तर उतरेना! तबकडीला नक्कलबंदीचे कुलूप होते.

हे कुलूप म्हणजे काय? डीव्हीडीवरची माहिती सहसा गुप्त लिपीत असते आणि तिची किल्ली परवानाधारक यंत्रापाशीच असते. टेपसाठी युक्ती निराळी. चित्राच्या संदेशात अशी खोड घालतात, की टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसते; टेपवर मात्र ते कधी काळवंडते, कधी भगभगते.

गृहस्थ एका ग्राहक संघटनेसह कोर्टात गेला. त्या देशात १९८५ च्या कायद्याने कोऱ्या कॅसेटींवर कलावंतांसाठी आकार बसवला होता. मग आकारही भरायचा आणि नक्कलही करायची नाही, हा न्याय कुठला? २००४ मध्ये तो हरला, २००५ मध्ये अपिलात जिंकला; पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २००८ मध्ये प्रकरण संपले. खाजगी नक्कल ही कायद्यातली सवलत आहे, हक्क नव्हे, असे ठरले. म्हणजे ती ढाल झाली, तलवार नाही.

याचे कारण सोपे आहे. लोणचे दुसऱ्या बरणीत घातले, की पहिलीतले कमी होते. तबकडीचे तसे नाही. नक्कल निघते आणि मूळही शाबूत राहते! निर्मात्याला धास्ती वाटते ती याचीच.

आता आपल्याकडे पाहू. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे संगणकाचा प्रोग्राम रीतसर घेणाऱ्याला तो हरवेल, नष्ट होईल किंवा बिघडेल म्हणून राखीव प्रत काढता येते. चित्रपट आणि गाणी यांच्याबाबत अशी स्पष्ट मुभा नाही. तिथे खाजगी उपयोगासाठी 'रास्त वापर' एवढाच आधार आहे. २०१२ साली कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडही होऊ शकतो. मात्र कायद्याने मना न केलेल्या कामाला हे कलम आड येत नाही. म्हणजे इथे हेतू पाहिला जातो.

तेव्हा मंडळी, तबकडी घेताना वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचा आणि पावती जपून ठेवा. प्रोग्रामची राखीव प्रत जरूर काढा, पण ती कपाटातच राहू द्या. शेजाऱ्याला दिलीत, की ती राखीव राहिली कुठे?