राणीचा नवरा

राजाची बायको ती राणी, हे शेंबडे पोरही सांगेल. पण राणी स्वतःच गादीवर असेल तर तिच्या नवऱ्याला काय म्हणावे? आपल्या बोलीत त्याला शब्द नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे बाईच्या हाती राज्य आले ते बहुधा नवरा गेल्यावर. ताराबाईंनी १७०० साली कारभार घेतला तो राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर, आणि तोही मुलाच्या नावाने. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. पुढे सासरा गेला, मुलगा गेला, तेव्हा १७६७ साली दौलत त्यांच्याकडे आली.

सवाष्ण राणी पाहायची तर नांदेडच्या आग्नेयेस, वरंगळला जावे लागते. तेराव्या शतकात तेथल्या काकतीय गणपतिदेवाला मुलगा नव्हता. त्याने मुलीला, रुद्रमादेवीला, गादी दिली आणि ‘रुद्रदेव महाराज’ असे पुरुषी नावही दिले. तिचा पती वीरभद्र हा निडदवोलूच्या चालुक्य घराण्यातला. पण जावई म्हणून तो राजा झाला नाही. देवगिरीच्या महादेव यादवाशी झुंजली ती रुद्रमा. तिच्यामागून गादीवर आला तो तिच्या मुलीचा मुलगा, प्रतापरुद्र, आणि तोही काकतीय म्हणूनच.

आता आपल्या खेड्यांकडे पाहा. १९९३ पासून ग्रामपंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. लगोलग ‘सरपंचपती’ हा शब्दही जन्माला आला! सही बाईची आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात. कायद्यात या गृहस्थाला कसलेही पद नाही.

पद तर व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्यालाही नव्हते. आल्बर्ट हा जर्मनीतल्या कोबुर्गचा राजपुत्र. राणीला मागणी घालण्याची सोय कोणालाच नाही, म्हणून १८३९ साली राणीनेच त्याला मागणी घातली. १८४० साली लग्न झाले. पन्नास हजार पौंडांच्या तनख्याचा प्रस्ताव होता, तो पार्लमेंटने तीस हजारांवर आणला. आरंभी त्याला राज्याच्या कागदांपासून दूरच ठेवले होते. ‘प्रिन्स कन्सॉर्ट’ ही पदवी मिळाली ती सतरा वर्षांनी, १८५७ साली, आणि तीही राणीने दिली म्हणून.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. राजवाड्यांचे कौतुक आम्हांला कमीच. एप्रिल १८४८ मध्ये लंडनला चार्टिस्ट कामगारांची प्रचंड सभा भरायची होती, तेव्हा हे कुटुंब भीतीने वाइट बेटावर जाऊन राहिले, हे आम्ही विसरत नाही. पण पुढच्याच महिन्यात हाच आल्बर्ट श्रमिकांची स्थिती सुधारणाऱ्या संस्थेच्या सभेत अध्यक्ष म्हणून बोलला. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी त्याने कामगारांच्या चार कुटुंबांसाठी नमुन्याची घरे उभारून दाखविली: प्रत्येक घरात तीन निजण्याच्या खोल्या आणि स्वतंत्र संडास. ती घरे पुढे केनिंग्टनच्या बागेत हलविली, आणि आजही उभी आहेत. आपल्याकडच्या गिरणगावात शंभर वर्षांनंतरही एका खोलीत दहा माणसे निजत आणि संडास मजल्याला सामाईक असे, ते आठवले म्हणजे या घरांची किंमत कळते.

डिसेंबर १८६१ मध्ये आल्बर्ट मरणशय्येवर होता. अमेरिकेच्या लढाऊ जहाजाने ‘ट्रेंट’ या ब्रिटिश बोटीवरून दोन माणसे पकडून नेली होती आणि लंडनहून जाणाऱ्या खलित्याची भाषा युद्ध पेटविणारी होती. त्याने आजारपणात तो मसुदा सौम्य केला. अमेरिकेला मानाने माघार घेण्यास वाट ठेवली. युद्ध टळले. खलिता मात्र सरकारच्या नावाने गेला, आणि १४ डिसेंबरला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो वारला.