कोयनेच्या पाण्यामागून समुद्रापर्यंत
पाच दिवसांची कौटुंबिक सफर कशी आखावी?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या शाळेत मुलांना मी विचारते, "यंदा कुठे जाणार?" उत्तरे ठरलेली असतात. कोणी मामूच्या लग्नाला, कोणी खालाकडे पुण्याला, कोणी उरुसाला. यात वाईट काही नाही, नाती टिकवणे हे तर सवाबाचे काम. पण आपल्या मुलांना दुबईचा बुर्ज खलिफा मोबाइलवर पाहून पाठ असतो आणि घरापासून एका दिवसाच्या अंतरावरचे जंजिरा व सुवर्णदुर्ग माहीत नसतात. म्हणून या अंकात एक सफर आखून देत आहे. गाडी स्वतःची असो, चच्चांकडून मागून आणलेली असो की चार घरांनी मिळून भाड्याने केलेली; आखणी तीच राहील.

पाणी दाखवील ती वाट

कोयना नदी महाबळेश्वरहून निघते, कराडला कृष्णेला मिळते आणि पूर्वेकडे जाते, हे भूगोलात सगळेच शिकतात. पण धरणामागच्या शिवसागराचे बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरते. तिथे वीज तयार करून ते कोळकेवाडीच्या छोट्या धरणात येते, तिथून पुन्हा एकदा वीज देऊन वाशिष्ठी नदीत, चिपळूणमधून दाभोळच्या खाडीत आणि शेवटी अरबी समुद्रात जाते. म्हणजे कोयनानगरच्या माणसाने आपल्या दारच्या पाण्याचा पाठलाग केला तरी तो थेट समुद्रावर पोहोचतो. आपली सफर याच पाण्याच्या वाटेने सुरू करू आणि पुढे किनाऱ्याने उत्तरेला मुरुडपर्यंत जाऊ. वाटेत घाट आहे, खाड्या आहेत, गाडीसकट पार करायच्या तीन फेरीबोटी आहेत आणि पाण्यातले दोन किल्ले आहेत.

आधी चांद पाहा, मग तारीख ठरवा

घाटावरची माणसे प्रवास घड्याळावर आखतात. कोकणात समुद्राचे घड्याळ चालते आणि ते चंद्रावर चालते. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पाऊण तास उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी त्यामानाने शांत असते.

इथे आपल्या घरातले हिजरी कॅलेंडर कामाला येते. चांदाची पहिली आणि चौदावी-पंधरावी म्हणजे उधाणाचे दिवस. सातवी-आठवी आणि एकविसावी-बाविसावी म्हणजे भांगाचे. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर किल्ल्यावर होडीने जाण्याचा दिवस भांगाच्या आसपास यावा, अशी तारीख निवडा.

किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. चांदाची तारीख तिथीपेक्षा साधारण एकने मागे असते, म्हणून आपल्या तारखेत एक मिळवून गुणायचे. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. पाढे पाठ करणाऱ्या मुलाला हे काम द्या. हा अंदाज आहे, शेवटचा शब्द होडीवाल्याचा.

पावसाळ्यात किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे तोही पाहून घ्या.

पाच दिवस, चार मुक्काम

पहिला दिवस: कोयनानगर ते गुहागर. सकाळी लवकर निघून कुंभार्ली घाट उतरा. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, सतत ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. खाली पोफळी आणि अलोरे लागले की मुलांना सांगा, वरचे पाणी इथे बाहेर पडते. चिपळूणला पेट्रोल भरा, रोख पैसे काढा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात हे शहर बुडाले होते. पुलावरून जाताना तेही सांगावे. नदी फक्त फोटोसाठी नसते. दुपारपर्यंत गुहागर. लांबलचक वाळूचा किनारा आहे, संध्याकाळ तिथेच काढावी.

दुसरा दिवस: गुहागर ते हर्णै. अंजनवेलचा गोपाळगड खाडीच्या तोंडावर उभा आहे. चढ नसल्यामुळे दादीमाही येऊ शकतात. जवळच दाभोळचा वीजप्रकल्प दिसतो. ज्या पाण्याने डोंगराच्या पायथ्याशी वीज दिली, ते समुद्राला मिळते तिथेही वीजघरच उभे आहे, याची मुलांना गंमत वाटते. पुढे धोपावे जेट्टीवर गाडी फेरीबोटीत चढवायची. काही मिनिटांत पलीकडे दाभोळ. रस्त्याने गेलात तर सगळ्या खाडीला वळसा. गाडी चढवताना चालकाशिवाय सगळ्यांनी खाली उतरावे, हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी.

दाभोळला घाईने पुढे जाऊ नका. बहामनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात परतीच्या प्रवासासाठी इथूनच जहाजात बसला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर जाळले. पाण्यापासून जवळच घुमट आणि मिनारांची जुनी शाही मशीद आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. सांगतात की विजापूरची शहजादी आयेशाबीबी हजला जाण्यासाठी इथे आली, पण समुद्रातल्या चाचेगिरीमुळे तिला निघता आले नाही. मग सफरीसाठी आणलेल्या पैशातून तिने १६५९-६० च्या सुमारास ही मशीद उभारली. कहाणी किती खरी ते इतिहासकार पाहतील. पण न झालेल्या सफरीतून उभी राहिलेली ही इमारत मुलांच्या नक्की लक्षात राहील.

तिसरा दिवस: सुवर्णदुर्ग, केळशी, श्रीवर्धन. सकाळी हर्णै बंदरातून होडीने सुवर्णदुर्गावर. उतरताना पाय भिजणार हे धरून चाला. पिण्याचे पाणी, टोपी आणि खाऊ बरोबर न्या, रिकाम्या बाटल्या परत आणा. ज्यांना होडी झेपत नाही त्यांनी किनाऱ्यावरून, कनकदुर्गाच्या टेकडीवरून किल्ला पाहावा; तिथून तो छान दिसतो. दुपारी निघून केळशी. इथे याकूतबाबांचा दर्गा आहे. छत्रपती शिवाजी महाराज ज्यांना मानत, ते हे बाबा. पुढे वेसवी ते बागमांडला ही दुसरी फेरीबोट, मग श्रीवर्धनला मुक्काम. हा दिवस लांबचा आहे. रजा मिळत असेल तर हर्णैला एक रात्र जास्त राहा आणि संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पाहा.

चौथा दिवस: दिघी, जंजिरा, मुरुड. दिघी ते आगरदांडा ही तिसरी फेरी. नंतर राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. किल्ल्यावर होडीवाले ठरावीक वेळच थांबतात, म्हणून काय पाहायचे ते आधी ठरवा: दरवाजावरचे हत्तींना पंजात धरणाऱ्या सिंहाचे शिल्प, कलालबांगडी तोफ, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव आणि पडका वाडा. शुक्रवारी जुम्म्याच्या वेळी होड्या थांबतात, तेव्हा शक्यतो दुसरा वार निवडा किंवा जुम्मा अदा करूनच होडीत बसा.

पाचवा दिवस: परत. मुरुडहून माणगाव, महाड, खेड, चिपळूण करत कुंभार्ली. पूर्ण दिवस जातो. घाट उजेडी चढायचा असेल तर फजरनंतर लगेच निघा.

दोन किल्ले आणि वर्गातली वाटणी

वर्गात शिवकाळ शिकवताना मुले किल्ल्यांची वाटणी करतात: सुवर्णदुर्ग यांचा, जंजिरा त्यांचा. कधी ही वाटणी आपल्या मुलांच्या अंगावर येते, कधी आपली मुलेच ती करतात. ही सफर त्यासाठी फार उपयोगी आहे, कारण दोन्ही किल्ले लागोपाठच्या दिवशी पाहायला मिळतात.

मुलांना सांगावे की शिवाजी महाराजांच्या आरमाराचे नेतृत्व करणाऱ्यांत दौलतखान आणि दर्यासारंग होते. जंजिऱ्याच्या जागी आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. नंतर तिथे राज्य करणारे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. त्यांनी आधी आदिलशाही आणि मग मोगलांच्या वतीने लढाया केल्या, पण लक्ष आपल्या बेटावर आणि बंदरावर ठेवले. त्यांना रोखण्यासाठी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग बांधला. तोही मुरुडच्या किनाऱ्यावरून दिसतो. किनाऱ्यावरच्या रयतेला या लढायांचा त्रास झाला, हेही लपवू नये. पुढे सुवर्णदुर्ग कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे झाला, १७५५ मध्ये तो इंग्रजांनी पेशव्यांच्या बाजूने लढून तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. म्हणजे तिथे मराठेच मराठ्यांविरुद्ध होते. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले, त्यात सुवर्णदुर्ग आहे. आता हे दगड सगळ्यांचे आहेत.

भाषेचा एक खेळही करून पाहा. जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा', म्हणजे बेट, यावरून आला. किल्ला, बुरूज, सुकाणू, खलाशी हे अरबीतून, बंदर, दर्या, नाखवा हे फारसीतून, तोफ तुर्कीतून, आरमार पोर्तुगीजांकडून. होडीत बसल्यावर मुलांनी असे शब्द शोधावेत. मराठी किती पाण्यांनी भरली आहे ते कळेल.

नमाज आणि जेवण

मुसाफिराला चार रकातींच्या फर्जऐवजी दोन, ही सवलत आपल्याला ठाऊक आहे. अंतराचे आणि मुक्कामाचे नियम निघण्यापूर्वी इमामसाहेबांना विचारून घ्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. घाटावर आपण बहुतेक हनफी, कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई. त्यामुळे तिथे असरची अजान आपल्या सवयीपेक्षा लवकर होते आणि फजरमध्ये दुसऱ्या रकातीत हात उचलून दुआ होते. मुले गोंधळतात. त्यांना आधी सांगितले तर तोच एक चांगला धडा होतो.

जेवणाची चिंता फार नको. दाभोळ, श्रीवर्धन, मुरुड इथे मुस्लिम वस्ती मोठी आहे, हलाल जेवण मिळते. इतर ठिकाणी मासळी आणि तांदळाची भाकरी. खेकड्याच्या रश्श्यावरून हनफी-शाफई चर्चा सुरू झाली तर ती जेवण संपेपर्यंत पुढे ढकलावी!

अम्मीलाही सुट्टी हवी

आता या सगळ्या आखणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ घरांत सहल म्हणजे घरातल्या बाईसाठी चाकांवरचे स्वयंपाकघर. ती पहाटे उठून पराठे लाटते, डबे भरते, मुलांचे ओले कपडे पिळते, दादीमांची गोळी लक्षात ठेवते आणि किल्ल्यावर जायची वेळ आली की सामान सांभाळत किनाऱ्यावर बसते. फोटोत सगळे असतात, ती नसते.

म्हणून निघण्यापूर्वी एका कागदावर कामे वाटून लिहा. पहिल्या दिवसाच्या डब्यानंतर स्वयंपाक नाही. औषधांची पिशवी अब्बांकडे, ओले कपडे आणि बाटल्या मोठ्या मुलाकडे, पैशांचा हिशोब मुलीकडे. सुवर्णदुर्गाच्या वेळी दादीमांजवळ कोण बसणार आणि जंजिऱ्याच्या वेळी कोण, तेही लिहा. दोन्ही वेळा एकच नाव आले तर कागद फाडून पुन्हा लिहा. स्वच्छतागृह कुठे मिळेल ते चिपळूण, गुहागर, दापोली, श्रीवर्धन असे टप्पे धरून ठरवा. बायका पाणी न पिता प्रवास करतात आणि आजारी पडतात.

समुद्राबाबत मात्र कुणालाच सवलत नाही. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या. नसेल तर त्या होडीत बसू नका. गाडी वाळूत उतरवू नका, भरती तिची वाट पाहत नाही. वाटेत हरिहरेश्वरला थांबलात तर तिथल्या खडकांवर लाटांजवळ जाऊ नका, तिथे माणसे वाहून गेली आहेत. मगरिबनंतर पाण्यात कोणी नाही.

तारीख ठरली की होडीवाल्याला आणि मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून खात्री करून घ्या. मग सफरची दुआ पढा, गाडीच्या टायरची हवा तपासा आणि निघा. अल्लाह आपणा सर्वांची सफर आसान करो आणि सर्वांना सुखरूप घरी आणो.