झटका कुंपणाचा खांब: लोखंडी की फायबरचा?

जुन्नर आणि आंबेगावात उसाचा फड वाढला, की बिबट्याला लपायला जागा मिळते. म्हणूनच इथे घराभोवती, गोठ्याभोवती सौर झटका कुंपण दिसतं. मशीन कोणतं, तारा किती, यावर चर्चा होते. पण खांब कशाचा?

खांबाने काय फरक पडतो?

झटका मशीन तारेत साधारण सेकंदाला एकदा, क्षणभरच उच्च दाबाची वीज सोडतं. प्राणी दचकून मागे फिरतो, मरत नाही. (घरातली वीज थेट तारेत सोडणं मात्र जीवघेणं आणि बेकायदा आहे.)

लोखंडी अँगलवर तार बांधायला इन्सुलेटर लागतो. तो उन्हाने तडकला आणि तार अँगलला टेकली, की झटका जमिनीत उतरतो. कुंपण दिसायला उभं, पण निकामी! फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. त्यामुळे खांबच इन्सुलेटरचं काम करतो.

हा खांब बनतो कसा?

काचेचे धागे रेझिनमध्ये भिजवून तापलेल्या साच्यातून सलग ओढतात. याला 'पल्ट्रुजन' म्हणतात. रेझिन बऱ्याचदा पॉलिस्टर असतं. त्याऐवजी पॉलियुरेथेन वापरलं, तर माल जास्त चिवट होतो. भोक पाडताना, स्क्रू पिळताना तो सहज चिरत नाही. गादीतला फोमही पॉलियुरेथेनचाच, पण इथे ते फुगवलेलं नसतं, घट्ट असतं.

आणखी फायदे कोणते?

वजन तेवढ्याच आकाराच्या लोखंडाच्या साधारण पाव. गंज नाही, त्यामुळे भीमाशंकरकडच्या धो धो पावसातही टिकाव. ॲल्युमिनियमच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहते, म्हणून खिडक्यांच्या चौकटींसाठीही असे प्रोफाइल वापरतात.

मग तोटे?

पॉलियुरेथेनचा माल पॉलिस्टरपेक्षा महाग. तो लोखंडापेक्षा जास्त वाकतो. म्हणून द्राक्षाच्या मांडवात तारांचा ताण घेणारा कडेचा लोखंडी खांब काढून त्याच जाडीचा फायबरचा लावू नये. वेल्डिंग होत नाही. पुनर्वापर अवघड. कापताना काचेची धूळ उडते, तेव्हा मास्क हवाच.

विकत घेताना काय विचाराल?

रेझिन कोणतं? आणि उन्हापासून वाचवणारा थर आहे का? तो नसेल, तर काही वर्षांत पृष्ठभाग झिजून काचेचे धागे हाताला टोचू लागतात.

खांब कितीही चांगला असला, तरी तारेला गवत टेकू देऊ नका. ओलं गवतही झटका जमिनीत उतरवतं.