सायकलस्वाराची वाट मोकळी करा

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. प्राध्यापक आणि विद्यार्थी, कारकून आणि कामगार हे सारे एकाच वाहनाने एकाच रस्त्यावरून जात. त्या लौकिकाचे स्मरण करून उसासे टाकण्यासाठी आम्ही आज लेखणी उचललेली नाही. आम्हांस विचारावयाचे आहे ते एवढेच की, आजही जो सायकलवर बसतो, त्याला या शहरात सुखरूप घरी पोचण्याचा हक्क आहे की नाही?

आज सायकल चालवितो कोण? पहाटे वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, बांधकामावरचा गवंडी आणि शाळेत जाणारी मुले. यांपैकी बहुतेकांची सायकल हौसेची नाही, गरजेची आहे.

योजनांचा तुटवडा आहे असेही नाही. महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली रस्तोरस्ती आल्या आणि काही काळातच दिसेनाशा झाल्या. सायकलमार्गही बांधले गेले. परंतु त्यांवर कोठे मोटार उभी, कोठे दुकानाची पाटी, कोठे विजेचा खांब! आणि चौक आला की मार्गच अंतर्धान पावतो. जेथे संकट अधिक, नेमके तेथेच संरक्षण संपते. असे मार्ग रिकामे पडतात म्हणून सायकलस्वारच उरले नाहीत असे म्हणणे, म्हणजे पूल अर्धाच बांधून नदी कोणी ओलांडीत नाही अशी तक्रार करणे होय.

हॉलंडचे उदाहरण दिले की, 'तो देशच निराळा' असे उत्तर मिळते. परंतु तेथेही मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांची हत्या थांबवा' ही चळवळ उभी राहिली आणि सरकारला धोरण बदलावे लागले. तेथील सायकलमार्ग आकाशातून पडले नाहीत; ते लोकांनी मागून घेतले.

व्यापारी बंधूंची भीती आम्ही जाणतो. दारात मोटार उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, असे त्यांस वाटते. परंतु ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांस बंद ठेवला, तेव्हा आकाश कोसळले नाही. शिवाय एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात, हा हिशेब व्यापाऱ्यास आम्ही सांगावयास नको.

आमची सूचना साधी आहे. साऱ्या शहराचा घोष एकदम न करता प्रत्येक प्रभागातील पालकांनी आपल्या शाळेपासून वस्तीपर्यंत एकच अखंड, अडथळाविरहित सायकलमार्ग मागावा. मत मागावयास दारी येणाऱ्या प्रत्येकास त्याविषयी विचारावे आणि मार्ग झाल्यावर त्यावर आपले वाहन उभे न करण्याची शपथ प्रथम स्वतः घ्यावी. दहा वर्षांचे मूल जेथे एकटे निर्धास्त सायकल चालवू शकेल, तोच रस्ता खरा सार्वजनिक. पुणेकरांनी या कसोटीवर आपले शहर पारखून पाहावे.